पुलावरून आधी कोण उतरलं

बुद्धाच्या आदल्या जन्मातल्या वेस्संतर राजाची कथा भंते गाऊन सांगतात, तो दिवस आमच्या गावाला सणाहून मोठा. मंडपाच्या खांबांना केळी नि ऊस बांधतात, आणि राजा पोटची मुलं दान करतो त्या प्रकरणाला तर घरची चूल विसरून बायका डोळे टिपत बसतात. यंदा मात्र पहिल्या विसाव्यालाच सगळे फोटोंकडे वळले. चिआंग माई शहरातून पिमचानोक नावाची मुलगी आमच्या रेल्वेपुलाच्या बांधकामाचे जुने फोटो घेऊन आली होती. लोखंडी कमानी, ओंडके ओढणारे हत्ती, मजुरांसाठी भात शिजवणाऱ्या बायका. तिनं ते खांबांना टेकवून चटईवर ठेवले.

इन्ताकाका लांबच बसले. पूल पुरा झाला तेव्हा सर्वांत वर उभे होते ते आपले वडील, असं ते जन्मभर सांगत आले होते. आता फोटो काय सांगेल, कुणास ठाऊक.

"या की काका," बुआलोयमावशी म्हणाल्या. "वडील वरच आहेत. टोपी घातलीय, पाइप ओढतायत, रंगानं जरा जास्तच गोरे झालेत."

मंडपात खसखस पिकली. पूल पुरा झाल्याच्या फोटोत कमानीवर खरंच एकटा गोरा साहेब उभा होता. काकांची मान खाली गेली.

"मजूर सगळे खाली उकिडवे बसलेत," पिमचानोक म्हणाली. "साहेबानं हाकललं असावं. एरवी अशा फोटोंत माणसं पुलावर रांगेनं उभी करतात."

मावशी दुखरे पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि झटकन पाय आवरून हात जोडले. "अगं पोरी, उचल तो आधी जमिनीवरून. खाली नदीकाठावर आपल्या विहाराचे जुने मोठे भंते उभे आहेत त्यात."

फोटो मेजावर चढला. आशीर्वाद द्यायला आलेले भंते आणि त्यांच्यासमोर हात जोडलेले मजूर आता सगळ्यांनाच दिसले.

"हाकलतोय कोण," मावशी म्हणाल्या. "भंते खाली असताना त्यांच्या डोक्यावर कोण उभं राहील? साहेबाचं सोड. बिचाऱ्याला घरी कुणी शिकवलं नसेल."

भंतेंच्या अगदी पायाशी बसलेल्या माणसाच्या मांड्या गोंदणानं काळ्या होत्या आणि कान सुपाएवढे. लोकांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा काकांच्या कानांकडे.

"वडीलच," काका पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, "पण आधी वर होते."

सगळे निवाड्यासाठी आमच्या भंतेंकडे वळले. ते आसनाजवळ चहा घेत होते.

"चढताना आपण कुणी पाहिलं नाही, इन्ता," ते म्हणाले. "उतरलेले मात्र स्पष्ट दिसतायत. आणि बसलेत सर्वांत पुढे."

पुढचं प्रकरण सुरू होईस्तोवर काका फोटोपाशी ठाण मांडून होते. येईल त्याला सांगत होते, "भंते दिसताच सर्वांत आधी खाली उतरले ते हे. माझे वडील."

"घ्या, इथंही पहिला नंबर," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, आणि चटईवर सरकून त्यांनी काकांना पुढं जागा करून दिली.