चिंचेनं घासलेली पाटी

गिरिजा कुठंच टिकत नाही, हे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या समस्त मराठी घरांना पाठ झालं होतं. अकरावीत केमिस्ट्रीच्या सरांनी तिच्यावर कॉपीचा आळ घेतला, तर या बयेनं लॅबचा गॉगल सिंकमध्ये भिरकावला, बॅग उचलली आणि शाळेबाहेर पडली ती परत गेलीच नाही. मग इंडियन ग्रोसरीत लागली. तिथं एका काकूंनी एक जुडी घ्यायची म्हणून कोथिंबिरीचा अख्खा ढीग उपसला, तर त्यांच्याशी भांडली. मग बोबा टीचं दुकान. ते तर विचारूच नका. तिची आई, प्रतिमा, मंडळाच्या कार्यक्रमात हसून सांगायची, "गिरिजा गॅप इयर घेतेय." तेवढ्यात बाबा, राजाराम, बटाटेवड्याच्या लायनीत जाऊन उभे राहिलेले असायचे.

तर अशी ही मुलगी हार्लन हाउसमध्ये टिकली होती. तिचं तिलाच नवल वाटायचं.

हार्लन हाउस म्हणजे हायवेच्या मागं, टायरच्या दुकानाला चिकटून असलेलं एक बुटकं दगडी घर. ते जपतात बायका. लिबर्टी हार्थ सोसायटी असं त्यांच्या संस्थेचं नाव. जिचा कुणी पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांविरुद्ध झालेल्या लढाईत होता, तिलाच मेंबर होता येतं, आणि तेही पुरावे देऊन. गिरिजानं हे ऐकलं तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे आपल्याकडे कुळ-गोत्र बघतात तसंच. फक्त शेवटी लग्नाचं जेवण नाही."

आत ती शिरली होती ऊब घ्यायला. मार्चमध्ये आईशी कडाक्याचं वाजलं, जॅकेट न घेता निघाली, आणि दार उघडं दिसलं ते हे. आत टूर चालू होती. डॉट विटकम नावाची, ऐंशी पार केलेली बाई काठी टेकत सांगत होती की जमिनीच्या फळ्या मूळच्या, खिळेसुद्धा मूळचे, लोहारानं एकेक घडवलेले.

"तो नाही," मागून गिरिजा म्हणाली. "तो खिडकीखालचा. तो स्क्रू आहे. प्लसवाला."

सगळे वाकले. होताच स्क्रू. डॉटनं काठीच्या टोकानं तो टोकरून पाहिला. "माझा नवरा," ती म्हणाली. "त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून त्याची कामं सापडतायत." मग गिरिजाला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "शनिवारी ये. अजून काय काय दिसतं तुला ते मला सांग."

तेव्हापासून गिरिजा दर शनिवारी जात होती. त्या घराची गोष्ट तिला आता झोपेतसुद्धा सांगता आली असती. त्या लढाईतला एक हिवाळा असा पडला होता की डोंगरापलीकडे सैन्याचा तळ बर्फात गाडला गेला. आजारी शिपाई हॅना हार्लनच्या दारात आले. घरातलं सरपण संपलं, तेव्हा हॅनानं स्वतःचा हातमाग फोडून चुलीत घातला. मागावरच तिचं पोट चालायचं. वसंतात शिपाई निघून गेले, आणि हॅना बसली रिकाम्या कोपऱ्याकडे बघत. तो कोपरा सोसायटीनं अजून रिकामा ठेवलाय. बाकीच्या बायका तिथून पटकन पुढं सरकायच्या. गिरिजा तिथंच थांबायची. आपलंच काहीतरी फोडून जाळून टाकायचं आणि मग बसायचं, हे तिला बरोबर कळायचं.

देशाला अडीचशे वर्षं होत होती, म्हणून चार जुलैच्या आदल्या शनिवारी सोसायटीचा मोठा कार्यक्रम होता. बसभरून पाहुणे, दारात पुष्पचक्र. आणि डॉटनं ठरवलं होतं की त्या दिवशीची टूर गिरिजा करेल. नीट झाली तर उन्हाळाभर गाइडचं काम तिचं. आजवर मेंबरांच्या लेकी-सुनांशिवाय कुणी ते केलं नव्हतं. लिंडा नावाची दुसरी बाई, सोसायटीची सेक्रेटरी, तिला हे अजिबात पसंत नव्हतं. "मुलगी हुशार आहे, डॉट," ती गिरिजासमोरच म्हणाली होती, "पण हे घर तिच्या रक्तात नाही." उलटं बोलू नये म्हणून गिरिजानं जीभ चावली होती. अक्षरशः. दोन दिवस जेवताना झोंबत होतं.

तिला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की घरी ती त्याबद्दल बोलायचीच नाही.

शनिवारी सकाळी आईनंच सोडलं, गिरिजाकडे लायसन्स नव्हतं. मागच्या सीटवर चिवड्याचा डबा, त्याच्या बाजूला अजून एक झाकणाचा डबा.

"तो कसला?"

"माझा आहे. तू जा आत, तयारी कर."

गिरिजा आत गेली. मागच्या खोलीत जुना पंखा घरघरत होता. त्या आवाजात ती भिंतीला टूर सांगत बसली. कोपऱ्याशी कुठं थांबायचं, लिंडा मध्येच बोलली तर काय करायचं. तोंड कोरडं पडलं तेव्हा पाणी आणायला म्हणून बाहेर आली, आणि पायरीवरच थिजली.

फाटकाशी एक मोठा धोंडा आहे. त्यावर ब्राँझची पाटी बसवलेली. इथं हॅना हार्लननं अग्नी राखला, वगैरे वगैरे. काळपट तपकिरी, जुन्या गुळासारखा रंग. आज ती पाटी लखलखत होती. गुलाबीसर, मध्ये मध्ये पिवळे चट्टे, आणि उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा अजून काळा. त्या कोपऱ्याशी कमरेला टॉवेल खोचून आई उकिडवी बसली होती. हातात घासणी. बाजूला उघडा डबा, त्यात चिंचेचा कोळ. धोंड्यावरून लालसर पाणी ओघळत होतं.

"आई, काय केलंस हे."

"झालंच, एवढा कोपरा राहिलाय." आईनं मनगटानं कपाळ पुसलं. "रात्रीच भिजत घातली होती चिंच. मीठ टाकलं थोडं. खांदे गेले गं माझे, पण बघ कशी निघालीय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. मागच्या शनिवारी विचारलं नव्हतं का, एवढा मोठा कार्यक्रम आणि पाटी अशी काळीकुट्ट, घासून देऊ का? तू हं म्हणालीस."

गिरिजाला आठवेना. म्हणाली असेल. फोनमध्ये असताना ती सगळ्यालाच हं म्हणायची.

"आई, तो रंग मुद्दाम होता. पॅटिना म्हणतात त्याला. नव्वद वर्षं सांभाळलाय त्यांनी तो."

"काळं होऊ द्यायचं, याला सांभाळणं म्हणतात?"

"हो."

"काहीतरीच." पण आईचा हात थांबला. "गिरू, देवाची उपकरणी मी सणाच्या दिवशी अशी ठेवली असती तर तुझ्या आजीनं घरात घेतलं नसतं मला. मला वाटलं, यांच्याकडे माणसं नाहीत घासायला. म्हाताऱ्या बायका सगळ्या. तुझं काम आहे आज, लोक येणार, आपल्याकडून तेवढंच..."

"आपल्याकडून काय? माझी वाट लावायची? एक गोष्ट, आई. एक गोष्ट मला जमत होती."

आईनं घासणी डब्यात टाकली. मग हळूच म्हणाली, "गाडीत बूट पॉलिश आहे बाबांचं. ब्राउन. लावू?"

आणि खरं सांगायचं तर गिरिजानं एक क्षण विचार केला. लावलंही असतं. पण लिंडाची व्हॅन वळून आत आली, आणि पुढच्या सीटवर डॉट होती.

लिंडा आधी उतरली. पाटी बघितली, गिरिजाला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग नाही म्हणता येणार. समाधानच होतं ते. "तुला फक्त ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ओल्या फडक्यानं."

गिरिजानं तोंड उघडलं. मी नाही, एवढं म्हटलं की सुटका होती. पण मी नाही म्हटलं की दुसरं कोण हे दिसतच होतं, टॉवेल खोचून उभं. त्याआधीच आई पुढं झाली, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते त्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "गुड मॉर्निंग. मी क्लीन केलंय. टॅमरिंड. कम्प्लीटली ऑरगॅनिक."

लिंडानं डोळे मिटले. "मी म्हणत नव्हते, डॉट? यांना कळत नाही. कळणार कसं?"

गिरिजाच्या कानशिलात ठोके पडायला लागले. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पडले होते तसेच. यानंतर काय होतं ते तिला माहीत होतं. काहीतरी उडतं, दार आपटतं, आणि ती रस्त्यावर असते.

डॉट एव्हाना व्हॅनमधून उतरली होती. काठी धोंड्याला टेकवून ती वाकली आणि पाटीवर पंजा ठेवला. बराच वेळ. ही पाटी बसवली तेव्हा पडदा ओढला होता तिच्या आजीनं, तो फोटो आत भिंतीवर आहे. गिरिजाला वाटलं, हिनं ओरडावं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

"आजची टूर लिंडा करेल," डॉट शेवटी म्हणाली. गिरिजाकडे न बघता.

झालं. गिरिजा गाडीकडे वळली. आई तिच्याआधीच तिथं पोचली होती, दार उघडून उभी. "चल," आई म्हणाली. "घरी जाऊ. माझ्यामुळे झालं. तू नको थांबूस इथं ऐकून घेत."

आता गंमत बघा. शाळा सोडली तेव्हा आई रडून म्हणाली होती, परत जा. ग्रोसरीतून आली तेव्हा म्हणाली, परत जा, सॉरी म्हण. प्रत्येक वेळी परत जा. आज पहिल्यांदा आईनं स्वतः दार उघडून धरलं होतं, आणि गिरिजाचा पाय काही आत जाईना. आईच्या बोटांना चिंचेचा रंग लागला होता, नखांपर्यंत. चेहरा असा झाला होता की कॉपी करताना सापडलीय आणि केलीसुद्धा आहे.

"तू बस," गिरिजा म्हणाली. "नाहीतर नको बसूस. इकडे ये."

ती परत डॉटसमोर जाऊन उभी राहिली. "लिंडाला टूर करू दे. पण बस आली की लोक आधी इथं थांबणार. विचारणार, याला काय झालं. कुणीतरी सांगायला लागेल."

"आणि तू काय सांगणार?" लिंडा म्हणाली.

"जे झालं ते."

डॉटनं आता बघितलं. "आईचं नाव घेशील?"

"ती इथंच उभी आहे. कुणाला जास्त माहिती हवी असेल तर तीच सांगेल. चिंच किती, मीठ किती."

डॉट हसली वगैरे नाही. नुसती बाजूला झाली, काठी टेकत पायऱ्यांकडे गेली. नाही म्हणाली नव्हती, एवढंच.

बस आली. गिरिजाचा अंदाज बरोबर निघाला. उन्हात ती पाटी अशी काही चमकत होती की घराकडे कुणी बघेचना. उतरले ते सरळ धोंड्यापाशी. टोपीवाला एक माणूस म्हणाला, "नवीन केलीय का?"

"नाही, जुनीच आहे," गिरिजा म्हणाली. "सकाळपर्यंत काळी होती. माझ्या आईनं घासली. आमच्याकडे सणाच्या आधी तांब्या-पितळेचं सगळं घासतात. तसंच ठेवलं तर घरात कुणाला काळजी नाही असं दिसतं. इथं उलटं आहे. इथं काळं होऊ देतात, हात लावत नाहीत, ती काळजी. आईला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण तिनं विचारलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

कुणीतरी खुसखुसलं. एका बाईनं आईकडे वळून विचारलं, हे सगळं हातानं केलं का? आईनं लाजत खांदा दाखवला.

"आणि आत जी बाई राहायची," गिरिजा म्हणाली, "तिनं याहून वाईट केलं होतं." मग तिनं हॅनाची गोष्ट सांगितली. धोंड्याशी उभ्या उभ्या, ठरवलेलं एकही वाक्य न वापरता. माग फोडल्याचं सांगितलं, आणि वसंतात तिला कसं वाटलं असेल तेही सांगितलं. ते खरं तर कुणालाच माहीत नाही, आणि मला माहीत नाही असंही ती म्हणाली. दारात लिंडा हात बांधून पाहुण्यांची वाट बघत उभी होती. आत यायची कुणालाच घाई नव्हती.

टोपीवाल्यानं शेवटी विचारलं, "मग ही परत काळी व्हायला किती वर्षं लागतील?"

गिरिजाला माहीत नव्हतं. तिनं मागं बघितलं. डॉट पायरीवर बसली होती, केव्हापासून कोण जाणे.

"खूप," डॉट म्हणाली. "मला काही ते बघायला मिळणार नाही. ही बघेल. दर शनिवारी साध्या पाण्यानं धुवायची आणि हात आवरायचा." मग काठी लिंडाच्या दिशेनं हलवली. "आता आत चला सगळे. लिंडाचा चहा थंड होतोय."

माणसं आत सरकली. आई गिरिजाजवळ आली. "काय म्हणाल्या गं त्या विटकम काकू? भरभर बोलल्या. रागावल्यात?"

"रागावलीय. भयंकर."

"मग आता?"

"मग काय. शनिवारी सोडायला ये." गिरिजा गाडीतून चिवड्याचा डबा उचलून आत निघाली. दारातून मागं वळून म्हणाली, "आणि आई, तो कोपरा राहिलाय ना, तो तसाच राहू दे."