बंपरमधली चार इंचांची पट्टी

दादांना त्या बंपरची तीस वर्षं लाज वाटत आली होती. घरची मॉरिस मायनर लख्ख, पण पुढच्या बंपरला मधोमध जोड. दोन तुकडे आणि मध्ये पट्टी! पत्र्याच्या कामात दादांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, आणि त्यांच्याच दारात असलं ठिगळ.

गाडी त्यांच्या वडिलांची, अप्पांची. "बंपर मी जोडलेला नाही," अप्पा छातीठोकपणे सांगायचे. दादा म्हणायचे, "कुठेतरी ठोकलीत आणि आता कबूल करवत नाही." यावरून बापलेकांत किती वेळा जुंपली, काही विचारू नका.

यंदा दादांच्या लेकीनं हट्टानं गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेली, दादा आणि अप्पांसकट. परीक्षक वाकले आणि बंपरवरून बोट फिरवत म्हणाले, "जोडकाम झालंय. मूळ स्वरूपातल्या गाड्यांत ही बसणार नाही."

"मी नाही जोडलेला!" खुर्चीतून अप्पा कडाडले.

"अप्पा, पुरे झालं आता. चारचौघांत तरी खोटं बोलू नका," दादा म्हणाले. अप्पांचा चेहरा एवढासा झाला.

"थांबा हो दादा," लेक पुढे झाली. हातात टेप होता. "साहेब, दिवे बघा, खाली जाळीत आहेत. पुढे ते वर मडगार्डात गेले. म्हणजे गाडी एक्कावन्नच्या आधीची. बरोबर?"

"बरोबर."

"आता बॉनेट. मधोमध ही सपाट पट्टी दिसते? मोजा."

परीक्षकांनी मोजली. चार इंच.

"ही गाडी आधी अरुंद आखली होती. ऐन वेळी चार इंचांनी रुंद केली. पण बंपर तर बनून पडलेले! मग ते मधोमध कापले आणि तेवढीच पट्टी घातली. फॅक्टरीतच. फक्त पहिल्यावहिल्या गाड्यांना असा जोड आहे. हे बघा, सुट्या भागांच्या या जुन्या पुस्तकात चित्र सापडलं मला."

परीक्षकांनी बंपरवरची पट्टी मोजली, पुस्तक चाळलं, आडवे होऊन खालूनही पाहिलं. मग उठून कपडे झटकले. "पोरी, शिकवलंस मला. साल एकोणपन्नास लिहितो. वर्ग मूळ गाड्यांचा."

दादांचा ऊर भरून आला. आपली पोर, आणि एवढ्या जाणत्या माणसाला गप्प करते! पण पाठोपाठ त्यांना आठवलंही. चार वेळा पट्टी काढून सलग वेल्डिंग मारायला ते निघाले होते. चारही वेळा अप्पा बंपरला धरून बसले होते.

ते खुर्चीपाशी गेले. "अप्पा, चुकलो मी."

"कानात काय सांगतोस?" अप्पांचे डोळे भरले होते, तरी तोरा तोच. "खोटारडा म्हणालास ते सगळ्यांनी ऐकलं."

दादा वळले. भर मैदानात, छाती पुढे काढून, होता नव्हता तेवढा आवाज लावून ते ओरडले, "ऐका हो! माझे वडील तीस वर्षं खरं बोलत होते!"