लांबलेलं गाऱ्हाणं

या, अशा जवळ सरका. दक्षिण ओसेतियातल्या आमच्या गावची गोष्ट सांगतो, जिवाला भिडेल अशी.

जॉर्जियापासून फुटून आमचा नवा झेंडा लागला, त्याला वर्षही झालं नव्हतं. इनाल आमच्या परिषदेचा अध्यक्ष. कालपरवापर्यंत शाळेत भूगोल शिकवायचा. त्याच शाळेच्या तळघरात शेजारच्या गावचे चार जॉर्जियन धरून ठेवलेले, आणि आमचे पाच त्यांच्याकडे. दुपारी बाराला त्यांची बस आमच्या पाचांना घेऊन पुलावर येईल, माणसांची अदलाबदल होईल, असं ठरलं होतं; चौघांना धक्का लागणार नाही, असा शब्द इनालने त्यांना दिला होता.

एक वाजला. बस नाही.

"मारलं त्यांनी!" चेर्मेनने खांद्यावरची बंदूक उतरवली. त्या पाचांत त्याचा थोरला भाऊ होता. "आणि आमचे अध्यक्षमहाराज घड्याळ बघतायत! चला रे, तळघर उघडा."

दहाबारा पोरं उठलीच. थांबा म्हणून हुकूम सोडला तर आपल्यालाच बाजूला सारतील, हे इनालला कळत होतं. येणाऱ्यांसाठी त्याच्या आईने चीज भरून तीन पोळ्या भाजल्या होत्या. ते ताट उचलून त्याने सगळ्यांत वडील अशा बिबो आजोबांपुढे ठेवलं.

"आजोबा, आज देवाकडे मागणं पुष्कळ आहे."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग टोपी काढली, बिअरचा प्याला उचलला. तीन पोळ्यांवर वडीलधाऱ्याने प्याला धरला की गाऱ्हाणं संपेतो कोणी पाऊल हलवत नाही. पोरं जागीच थबकली.

"हे थोरल्या देवा, आमची मेंढरं राख!"

"ओमेन," सगळे म्हणाले, म्हणजे 'तसंच होवो'.

मेंढरं झाली, मधमाश्या झाल्या, नदी झाली, एकेक घर नावानिशी झालं. काय रसाळ वाणी! उंच धरलेला प्याला कलत होता, बिअर बाहीत शिरत होती, पण सूर ढळेना.

"आवरा आजोबा," चेर्मेन दात खात म्हणाला. "देव काय बहिरा आहे?"

"देव नाही, मी आहे. ओमेन जरा मोठ्याने म्हण." कोणीतरी खुदकन हसलं.

"तळघरातल्या चौघांच्या आयांना त्यांची लेकरं दे!"

आधी एकटा इनाल ओमेन म्हणाला. मग एकेक करत बाकीचे. चेर्मेन तेवढा राहिला.

"तुझ्यावाचून अडलंय, बाळा. माझा हात आता गळून पडेल."

चेर्मेनने डोळे मिटले.

"ओमेन."

रीतीप्रमाणे पहिला घोट सगळ्यांत धाकट्याचा, म्हणजे त्याचाच. प्याला घ्यायला त्याने बंदूक भिंतीला टेकवली, घोट घेतला आणि तोंड झाकून खाली बसला. ज्यांच्यासाठी ओमेन म्हटलं त्यांना मारणार कसं? तळघराकडे कोणीच गेलं नाही.

बस दोनला आली. घाटातल्या बर्फात रुतली होती. पाचही जण उतरले, आणि चौघांना इनालने स्वतः हाताला धरून पुलापार नेलं.

पुढे इनाल मोठा पुढारी झाला, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या बिबो आजोबांची आठवण ठेवा.