पाच नंबरचा पिवळा जोड

बाजारात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी शमीम. मिरकरवाड्याच्या बंदरावर पंचवीस वर्षं मासे विकते. पापलेट असो नाहीतर बांगडा, भाव मी सांगायचा आणि गिऱ्हाइकाने द्यायचा. असल्या बाईला परवा एका बुटाच्या दुकानदाराने रडवलं. म्हणजे रडवलं तसं माझ्याच मुलीने, पण सुरुवात त्याच्या दुकानात झाली.

माझी मनाल पोलीस भरतीला उतरलीय. लेखी परीक्षेची मला काळजी नाही, डोकं तिचं बापावर गेलंय. धास्ती होती ती मैदानाची. आठशे मीटर धावायचं, आणि तिथे सेकंदासेकंदाला मार्क जातात. आणि बाईसाहेब धावत होत्या भावाच्या, अनसच्या जुन्या बुटात! ते सात नंबरचे, हिचा पाय पाचचा. पुढे मोज्याचा बोळा कोंबायचा नि पळायचं. मैदान तीन आठवड्यांवर आलं तेव्हा तिला धावण्याचा सराव देणाऱ्या सरांनी दम दिला, नवे बूट घ्यायचे तर आत्ताच घे, आदल्या दिवशी घेतलेस तर फोड कुरवाळत बसशील.

माझ्या बटव्यात चौदाशे होते. त्यातच बूट आणि उरतील त्यात मैदानाच्या दिवशीचं खाणंपिणं. हजाराच्या वर जायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मनाल सकाळीच जाऊया म्हणत होती. मी म्हटलं, "अगो, दिवसभर उभं राहून पाय कसा फुगतो ते मला विचार. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो." म्हणून संध्याकाळी निघालो. धावताना घालते तेच जाड मोजे बरोबर घ्यायला लावले.

पहिल्या दुकानात एक जोड पुढे आला. काय तो चकचकाट! वर मोठ्या कंपनीचं नाव आणि किंमत आठशे. मी दोन्ही टोकं धरून वाकवला, तर मेला बरोबर मधोमध दुमडला. बूट वाकायचा तर बोटांच्या मुळाशी, जिथे आपला पाय वाकतो. तळाच्या कडेला नख घातलं तर गोंद सुटून वर आला. "कल्ले पांढरे पडलेत हो याचे," मी म्हटलं, "बर्फातला माल आहे." दुकानदार बघतच राहिला. मनाल तोंडाला ओढणी लावून हसत बाहेर पळाली.

मग रामआळीत गुरुप्रसादच्या दुकानात गेलो. त्याने फळीवरच्या मागच्या रांगेतून एक खोका काढला. रंग हळदीसारखा पिवळा, गेल्या वर्षीचा माल, म्हणून पडून राहिलेला. वाकवला तर हवा तिथेच वाकला. टाच घट्ट. मनालने घातला, पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली. चार पावलं चालली आणि तिचा चेहराच बदलला. "अम्मी," एवढंच म्हणाली. मी तिला चिमटा काढला. आवडलं म्हणून दाखवायचं असतं का कधी?

"तेराशे पन्नास," गुरुप्रसाद म्हणाला.

"नऊशे."

"चाची, तेराशे पन्नास. खोक्यावर दोन हजार छापलेत, बघा."

"छापायला काय, मीपण छापीन. हजार."

"नाही जमणार."

"चल गो," मी मनालचा हात धरला, "बाजार काय एवढाच आहे?" आणि ताडताड बाहेर पडले. आता बघा, पाचव्या पावलाला दुकानदार हाक मारतोच. पाच झाली. दहा झाली. मागे वळून बघायची तर सोय नाही, नाक कापलं जातं. आळी संपली, नाका आला, पण मेल्याने हाक काही मारली नाही.

स्टॉपवर टेकलो. मनालच्या बुटात खडा गेला होता, म्हणून तिने बूट आणि मोजा काढला. बघते तर अंगठ्याचं नख काळंठिक्कर!

"हे कधी झालं?"

"महिना झाला. बूट मोठा ना, पाय पुढे जाऊन आपटतो."

"मग तिथे दुकानात तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुझा भाव चालला होता ना, अम्मी," ती साधेपणाने म्हणाली. "मध्ये बोललं की तुला राग येतो."

तक्रार नाही, रुसवा नाही. मोज्याचा बोळा परत आत कोंबायला लागली. बटव्यात चौदाशे होते गो माझ्या! तेराशे पन्नासचे बूट मी सोडून आले, का, तर एका परक्या माणसाने मला हाक मारावी म्हणून. अशी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

"ऊठ," मी म्हटलं.

गुरुप्रसादने खोका आत ठेवलाच नव्हता. मला बघून मिशीत हसला.

"हसू नको. दे ते बूट."

"चाची, दोन वर्षांमागे सुरमईच्या भावावरून मी तुमच्यापुढून उठून गेलो होतो. तुम्ही मारलीत हाक? परत आलो तर वर वीस रुपये वाढवलेत!"

मला आठवेना. पण मी तशीच आहे, नाही कशाला म्हणू?

"मी वाढवत नाही," त्याने पैसे मोजून घेतले. "पण नुसतं चालून बूट कळत नाही. तिला आळीत धावून येऊ दे. बोचला तर पैसे परत."

मनालने नाड्या आवळल्या, ओढणी खोचली आणि सुटली.

आता एक खरं सांगू? मी तिला धावताना कधी पाहिलंच नव्हतं. ती पहाटे मैदानावर जायची तेव्हा मी जेटीवर लिलावात असायची. मला वाटायचं, पळत असेल चार पोरींसारखी. या अल्ला! पाय जमिनीला टेकतायत की नाही तेच कळेना. माणसं बाजूला झाली, एक रिक्षावाला थांबून बघत राहिला. ही माझी पोर? आणि हिच्या पायात मी दोन नंबर मोठे बूट ठेवले होते? डोळ्यांना धारा लागल्या आणि मला त्या पुसायचंही सुचेना.

आळीच्या टोकाला वळून ती परत यायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. लिलावात ओरडते त्याहून मोठ्याने ओरडले, "धाव गो मनाल, धाव!" अख्खी रामआळी माझ्याकडे बघायला लागली. बघू देत.