यमुताईंचं बक्षीसपत्र

"ताई, दार उघडा ना! पाया पडते तुमच्या. एकदा माह्यं ऐकून तरी घ्या!"

प्रेमिला गजभियेने जाळीच्या दाराला कपाळ टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. नागपूरचं एप्रिलचं ऊन ते, लोखंड चांगलंच तापलं होतं. आत कूलर घरघरत होता, म्हणजे यमुताई घरातच होत्या. नाहीतरी त्या गुडघ्यांनी जाणार कुठे! सक्करदऱ्याच्या तलावामागच्या या दुमजली घराची बेल प्रेमिलाने आजवर कधी वाजवलीच नव्हती. फाटकातून नुसती हाक मारायची, की वरून 'ये गं' असं यायचं. आज तिने बेल वाजवली, कडी वाजवली, शेजारीण गॅलरीत येऊन टकामका बघायला लागली तरी ती हलली नाही. लाजबीज बाळगायची वेळ गेली होती.

प्रेमिला मूकबधिर मुलींच्या वसतिगृहात कामाला होती. काम म्हणाल तर माणसं जोडून ठेवायचं. कुणी वाढदिवसाला मुलींना जेवण द्यायचं, कुणी आईच्या तिथीला. प्रेमिला त्यांचे दिवस लक्षात ठेवायची, जेवणाचे फोटो पाठवायची, त्यांच्या घरच्या लग्नात जाऊन अक्षता टाकायची, आजारपणात डबा पोचवायची. सगळ्यांत जास्त जीव जडला तो यमुताईंवर. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा आधीच गेलेला, आणि एकुलता एक गौरांग कॉलेजातून परतताना ट्रकखाली गेला. त्याच्या तिथीला त्या मुलींसाठी वडाभात करवायच्या आणि खुर्चीवर बसून पहिला घास माया नावाच्या पोरीला भरवायच्या. त्यांचे डोळे, दात, गुडघे, सगळ्या दवाखान्यांत प्रेमिलाच न्यायची. "कोण लागतात तुमच्या?" असं नर्सने विचारलं की बेधडक "मावशी" म्हणायची.

आणि आता नेमकी वसतिगृहावर वेळ आली होती. मालकाने जागा विकली, महिनाअखेरीस खाली करायची. संस्थेचे सचिव अनंतराव अख्खं शहर पालथं घालून आले, पण तेवढ्या भाड्यात कुणी गुरांचा गोठाही देईना. तेव्हा यमुताई आपणहून म्हणाल्या, "खालचा मजला पोरींना घ्या. मी जिवंत आहे तोवर वर राहीन. माझ्यामागे वरचाही तुमचा." वकिलाने बक्षीसपत्र तयार केलं. उद्या नोंदणी होती.

आणि काल प्रेमिलाने माती खाल्ली!

काल गौरांगची तिथी होती, आणि रुपराव नावाच्या एका कापड दुकानदाराचा वाढदिवसही. दोन्ही नावं फोनमध्ये एकाखाली एक. सकाळीच नव्या मालकाची माणसं खोल्या मोजायला आली, मुली घाबरून प्रेमिलाला बिलगल्या. एका हाताने त्यांना सावरत, तोंडाने त्या माणसांशी भांडत तिने दुसऱ्या हाताने निरोप पाठवला तो दोन्ही नावांना. केक, फुगे, आणि खाली ओळ, 'हा आनंदाचा दिवस आपल्या आयुष्यात वारंवार येवो!' दुपारी वडाभात तयार झाला, यमुताई आल्या नाहीत. फोन उचलेनात. तेव्हा कुठे तिने स्वतःचा फोन उघडून बघितला आणि केक-फुगे कुणाकुणाला गेले ते तिला दिसलं. संध्याकाळी यमुताईंनी अनंतरावांना कळवलं, नोंदणी रद्द समजा.

आतलं लाकडी दार उघडलं. जाळीचं मात्र बंदच राहिलं.

"काहून आली?" यमुताईंनी विचारलं. डोळे सुजले होते.

"चुकलं ताई. घाईघाईत झालं. मेली असती तं बरं झालं असतं."

"चुकलं ते मला कळते गं. जन्मभर पोरांच्या चुकाच तपासल्या मी. चुकीचा राग नाही मला."

"मंग काय झालं ताई?"

"काल दिवसभर तो मेसेज पाहून राहिली मी. मला वाटायचं, माझ्या पोराची तिथी हिच्या ध्यानात राहते. हिच्या पोटात तुटते म्हणून ही येते. ती तर तुझ्या फोनात राहते, प्रेमिला. रुपरावाच्या शेजारी."

"नाई ताई, आईशपथ नाई! गौरांगदादाची तिथी मले पाठ हाये."

"एक सांग. खोटं बोलू नको. तुमच्या मीटिंगमध्ये माझ्या तब्येतीचं बोलणं होते?"

प्रेमिलाला नाही म्हणायला काय लागत होतं? एक शब्द! पण मागच्याच मीटिंगमध्ये अनंतरावांनी विचारलं होतं, "यमुताईंची शुगर कशी आहे हो?" त्या प्रश्नानंतर सगळे गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्यात काय होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अनंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांना मुलींचं छप्पर दिसत होतं. पण छप्पर येणार ते कशातून, हेही दिसत होतं.

"होते," प्रेमिला म्हणाली.

"कोण सांगते?"

"मीच सांगते. पाय सुजून राहिले म्हणून सांगितलं होतं."

यमुताईंनी जाळीचा गज घट्ट धरला. प्रेमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण या बाईच्या पायांना तेल चोळलं ते खरं, आणि मीटिंगमध्ये जाऊन त्याच पायांची सूज सांगितली तेही खरं. यातलं कुठलं खोटं म्हणून सांगायचं?

ती खाली बसली, उन्हात, पायरीवर.

"माह्यावर राग काढा ताई. चपलेनं मारा मले. पण पोरी कुठं जातीन? तुमची माया पारशिवनीकडची. दिवाळीत घरी गेली होती. तिच्या मायले हातांची भाषा येत नाई, बापाले येत नाई. परत आली तं पंधरा दिवस कोणाशी हात हलवून बोलली नाई पोरगी, विसरल्यावानी बसून राहे. आता कायमची गेली तं मुकीच मरन ताई ती! मी कोणाच्या दारात जाऊ? सगळी दारं झाली माही."

बोलता बोलता तिचा बांध फुटला. रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकल थांबवून बघायला लागला, तर यमुताईंनी हातानेच त्याला 'जा' केलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "उद्या येते मी. सही करते."

प्रेमिलाने जाळीतून त्यांची बोटं धरायला हात पुढे केला. त्यांनी गज सोडला.

"पोरी येऊ दे खाली. धिंगाणा घालू दे, भिंती रंगवू दे, मला चालते. तू मात्र वर यायचं नाही."

"ताई!"

"कधीच नाही. दवाखाना नाही, डबा नाही, काही नाही."

"सही झाल्यावर पण मी येईन ना ताई, तेव्हा तं कळन तुम्हाले मी कशासाठी येत होती ते."

"तेच तर नको मला," यमुताईंचा आवाज फाटला. "येशील म्हणून वाट पाहायची, आणि एक दिवस तू आली नाही तर? एकदा पाहिली आहे मी वाट, पोराची. आता तेवढा दम नाही राहिला गं माझ्यात. म्हणून तू येऊच नको. बोल, कबूल?"

प्रेमिलाच्या तोंडाशी आलं होतं, मग नको तुमचं घर! मनापासून आलं होतं. पण घर नको म्हणणारी ती कोण? छप्पर तिचं थोडंच जात होतं!

"बरं ताई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात अनंतराव पेढे घेऊनच आले होते. "प्रेमिलाबाई, तुम्ही जादू केली!" असं ते तीनदा म्हणाले. प्रेमिलाने पेढा रुमालात बांधून ठेवला. यमुताई शेजारणीबरोबर रिक्षाने आल्या, इस्त्रीची साडी नेसून. त्यांनी प्रत्येक पानावर सावकाश, वळणदार सही केली, अंगठा दिला, फोटो दिला. मग ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून प्रेमिलाचं नाव पुकारलं गेलं. ते वकिलाने आधीच घालून ठेवलं होतं.

"या बाईंना व्यक्तिशः ओळखता?" संगणकावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"हो."

"कोण लागतात तुमच्या?"

सवयीने प्रेमिलाचं तोंड उघडलं.

"कोणी नाही लागत," यमुताई मागून म्हणाल्या. "संस्थेकडून यायची."

"बरं. कॅमेऱ्यात बघा, बाई."

कॅमेऱ्याच्या पलीकडे जिना होता. यमुताईंनी एक हात शेजारणीच्या खांद्यावर ठेवला होता, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरायला लागल्या होत्या. उजव्या गुडघ्यावर भार द्यायचा नाही हे त्या शेजारणीला कोण सांगणार!

"तिकडे नाही, इकडे बघा," तो माणूस म्हणाला.

प्रेमिलाने इकडे बघितलं.