कारभारी चुलत्यांचं सुतक

साळूबाईशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही करंज्यांपायी.

आमच्या दोन घरांत मिळून एक पितळी थाळी होती. मुळात ती कुणाची, हे दोघींनाही आठवत नव्हतं. दिवाळीला मी ती फराळाने भरून मिशनच्या वस्तीवर साळूबाईकडे न्यायची, आणि नाताळाला तीच थाळी करंज्या घेऊन परत यायची. तिच्या दाराला बांबूच्या काड्यांची, पतंगाच्या कागदाची चांदणी लागली, की आमची पोरं ओट्यावर वाट बघत बसायची. तिच्या करंज्यांचं सारण माझ्यापेक्षा चांगलं असायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी सोनईच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. दिवाळी आली, तर घरात तेल नाही, साखर नाही. सगळ्या गावाचीच ती गत, पण माझं नाक वर. थाळी का नाही आली, असं साळूबाईने विचारायच्या आधीच मी कामावर सांगून टाकलं, "आमचं कारभारी चुलते वारले, शेवगावचे. सुतक हाय. औंदा दिवाळी न्हाई करायची."

हे माझे चुलत सासरे, नाव कारभारी, चांगले धडधाकट होते. लांब राहतात, म्हणून त्यांना निवडलं.

माझ्या पाठीवरून साळूबाईने हात फिरवला, आणि त्या दिवशी माझ्या वाट्याची निम्मी खडी तिनेच फोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं तर ती माझं तोंड बघणार नाही, न सांगावं तर तिची माया सोसवेना. तिच्यावाचून मला दुसरं होतं कोण? तरी पुढचे दोन महिने मी रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

नाताळाच्या सकाळी चर्चची घंटा ऐकली आणि मी दार लोटून घेतलं. थाळी माझ्याच फळीवर होती. आपण दिलं नाही, तर येणार कुठून? थोड्या वेळाने साळूबाईच दार ढकलून आत आली. अंगावर धुवट लुगडं, हातात फडक्याचं गाठोडं. थाळी तिने आपल्या हाताने काढली आणि गाठोडं तिच्यात सोडलं. दुःखाच्या घरी दुसऱ्यांनी आणायचं असतं, म्हणाली.

मला रडू फुटलं. "साळू, कुनी मेलं न्हाई गं. मी खोटं बोलले."

"ठावं हाय. दिवाळी सरल्यावर तुजे चुलते सोनईच्या बाजारात भेटले. आमच्या धन्याकडनं बिडी मागून घेतली."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? मीबी नाताळापायी एखादी नणंद मारायच्या बेतात हुते. मग म्हनलं, घरात सुकडी हाय की."

रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या पाऱ्या, आत कामावर मजुरांना मिळायची ती गोड पिठाची सुकडी, आणि तेल नाही म्हणून तव्यावर भाजलेल्या करंज्या. सगळ्यांच्या कडा फाटलेल्या. पोरांना देऊन उरल्या त्या आम्ही दोघींनी रडत-हसत खाल्ल्या. पुढे साजूक तुपातल्याही खाल्ल्या, पण ती चव काही आली नाही.

कारभारी चुलते त्यानंतर वीस वर्षं जगले. दर नाताळाला साळूबाई थाळीत एक करंजी वेगळी ठेवायची, मयताची म्हणून. कधी चुलतेच आलेले असले तर ती तेच खायचे आणि आम्ही का हसतो म्हणून विचारायचे.

यंदा भाद्रपदात साळूबाई गेली. दिवाळीला मी सुनेला कढई चढवू दिली नाही. कोण वारलं, असं तिने विचारलं. साळूबाई, मी म्हटलं.

"पण आत्याबाई, त्या आपल्यात कुठं?"

मी फळीवरची थाळी काढली आणि पदराने पुसली.

"सुतक हाय," मी म्हटलं. "ह्या टायमाला खरं बोलते."