पडीचं रान

नकाशा विलायवाननेच काढला होता. लाओसच्या उत्तरेकडच्या जमीन-नोंदणीच्या कचेरीत बसून, उपग्रहाच्या चित्रात जिथं दाट हिरवं दिसलं तिथं तिने ‘जंगल’ लिहिलं होतं. आता तो वाचून दाखवायला साहेबांनी तिलाच होडीने डोंगरातल्या गावी धाडलं.

तिने गावासमोर वाचलं: जंगल लिहिलंय तिथं यापुढे पेरायचं नाही. मग थिप नावाची म्हातारी पुढे आली.

"हे जंगल? अगं, पाच वर्षांमागं मी इथं भात घेतलाय. रान दमलं म्हणून पड टाकलंय."

"आजी, चित्रात झाडं दिसतात."

"झाडं दिसतात, आणि आम्ही नाही दिसत होय!"

विलायवान काठावर आली, तर होडी गायब. "सगळी रानं पाहा, मग होडी," मुखिया शांतपणे म्हणाला. पायवाट नव्हती, फोनला रेंज नव्हती. तिला रडू फुटलं. थिपने तिच्यापुढे चिकट भात नि मिरचीचा ठेचा सरकवला. "खा आधी. उद्या चालायचंय."

तीन दिवस ती म्हातारीमागे डोंगर चढली. झुडपांत जळके बुंधे होते, मोडकी कुंपणं होती, हौसेने लावलेली वेलची होती. सोळा रानांच्या हद्दी तिने यंत्रात टिपल्या. चौथ्या दिवशी होडी आली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "संगणकात रकाने दोनच, बाई. जंगल नाहीतर शेत. आणि शेत म्हटलं की दरसाल पेरलेलं दिसायला हवं."

"पण सर, ते आळीपाळीने पेरतात."

"तिसरा रकाना वरून यायला हवा. तो ना माझ्या हातात, ना तुझ्या."

दोन दिवस ती पडद्यासमोर नुसती बसून राहिली. जंगल लिहावं तर गावाचे डोंगर जातात. शेत लिहावं तर मातीला उसंत नाही. अखेर तिने सोळाही ठिकाणी ‘शेत’ लिहिलं आणि तिसरा रकाना येईपर्यंत दरसाल पेरावं लागेल, असं गावाला सांगूनही आली.

गावाने पेरलं. माणसं पुरेनात, तेव्हा निम्म्या रानांत दाखवण्यापुरतं नुसतंच बी फेकलं. पेरणी तपासायचं काम आता दरसाल विलायवानकडेच असतं. तिसऱ्या वर्षी थिपच्या रानात भात गुडघ्यालाही लागत नव्हता. तणच तेवढं माजलेलं.

"आला का गं तो रकाना?" थिपने विचारलं.

"नाही, आजी."

म्हातारी तण उपटू लागली. विलायवानने ‘पेरलेलं’ यावर खूण केली आणि ती पुढच्या रानाकडे निघाली.